वरच्या मजल्यावरची फळी

लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आधी आल्या, माणसं नंतर आली आणि घरं सगळ्यांत शेवटी. गावाबाहेरच्या माळावर सरकारनं दुमजली इमारती उठवल्या. खाली दोन घरं, वर दोन घरं. प्रत्येक घरात उभ्यानं स्वयंपाक करायचा शहाबादी फरशीचा ओटा. आणि त्या ओट्यात, नळ आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, सागवानाची एक फळी कायमची बसवलेली.

ती भाजी चिरायची फळी होती. हे आम्हाला पुढं कधीतरी मिस्त्रीकडून कळलं. नकाशा मुंबईहून आला होता म्हणे. त्यात फळी होती म्हणून त्यानं बसवली. फरशीपेक्षा ती अंगठाभर उंच होती. तिच्यावर काही चिरायला गेलं की एक कोपर भिंतीला लागायचं आणि दुसरा हात नळाला. काढून धुता येत नव्हती, उन्हात टाकता येत नव्हती. जागेवर धुवायची तर पाणी ओतावं लागायचं, आणि त्या वर्षी पाणी ओतायची कुणाची छाती नव्हती. पाऊस पुन्हा गेला होता. नळ नावाला होते. सगळी वसाहत इमारतींमधल्या हापशावर आणि टँकरवर जगत होती.

शिवाय उभ्यानं चिरायची सवय तिथं एकीलाही नव्हती. सगळ्या विळीवाल्या. जमिनीवर बसायचं, विळीच्या पाटावर पाय दाबायचा आणि चिरायचं. त्यामुळे फळीला ज्यानं त्यानं आपापलं काम लावलं. कुणी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, कुणी स्टोव्ह. एक बाई नवऱ्याच्या शर्टांना तिथंच इस्त्री करायच्या. आणि खालच्या घरातल्या लक्ष्मीबाईंनी तिच्यावर देव मांडले. कोपरा, लाकूड, जरा उंच जागा, पूर्वेची भिंत. देवांसाठीच केली आहे असं त्यांना वाटलं. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

लक्ष्मीबाईंच्या बरोबर वर पंचफुलाताई राहायच्या. त्यांच्या फळीवर रेडिओ होता आणि आईच्या औषधाच्या बाटल्या.

पंचफुला सोनकांबळे दवाखान्यात सिस्टर होत्या. मी त्याच दवाखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायचे. मराठी घेऊन बी.ए. झाले होते. त्याचा तिथं काही उपयोग नव्हता. औशाहून एसटीनं यायचे आणि दुपारचा डबा त्यांच्या घरी खायचे. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, तरी आमची मैत्री झाली. कशी झाली ते सांगता येणार नाही. मला वाटतं, मी फार बोलत नव्हते आणि त्यांना ऐकणारं कुणीतरी हवं होतं.

त्यांचं गाव मुखेडच्या बाजूला. वडील केरबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले. आल्यावर त्यांनी घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि लेंडी नदीत सोडले. ताई तेव्हा लहान होत्या. टोपलीच्या मागं चालत गेल्या होत्या. पुढं नांदेडला नर्सिंग शिकल्या. लग्न झालं, मोडलं. "मी मोडलं," एवढंच त्या म्हणायच्या, आणि त्यापुढं विचारायची सोय नव्हती.

लोह्याला नोकरीला असताना त्या एका घरी बाळंतपणाला गेल्या. हात धुवायला पाणी मागितलं, तर घरची बाई तांब्या उंच धरून वरून ओतायला लागली. ताईंनी तांब्याच तिच्या हातातून घेतला, आपले हात आपण धुतले आणि मग बाळंतिणीजवळ बसल्या. मला हे सांगून झाल्यावर म्हणाल्या, "बाळ काय तिला वरून झेलता येणार होतं?"

दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा ताईंनी आईला लातूरला आणलं. आई म्हणजे नागुआजी. गुडघे गेलेले. वसाहतीतल्या दोघा चौकीदारांनी तिला उचलून जिना चढवला आणि वर ठेवलं. तेव्हापासून आजी वरच होती. जन्मभर शेतात आणि रस्त्याच्या कामांवर राबलेली बाई. तिचे पाय मातीला लागायचे थांबले होते. घरात बोलायला कुणी नाही. ताई दवाखान्यात, मी दुपारपुरती. आजी दिवसभर खिडकीत बसून खाली हापशावरच्या रांगेकडं बघायची.

"ती लाल लुगड्याची बाई आज आली न्हाई," ती मला सांगायची. "आजारी हाय का बघ की गं."

"तुम्ही ओळखता तिला?"

"वळख कुठली. वरून वळख होती का?"

तिला खाली जायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं. पायरीवर बसायचं, आल्या-गेल्याशी बोलायचं. ताई हे जाणून होत्या. पाण्याच्या घागरी वर आणून त्यांचीही कंबर मोडत होती.

आणि खालच्या व्यंकटरावांना वर यायचं होतं. ते पाटबंधारे खात्यात होते. पाणी नसल्यानं त्या खात्यात त्या वर्षी निवांत होतं, म्हणून ते खात्याच्या परीक्षेला बसत होते. पण हापसा त्यांच्या दारासमोर. पहाटेपासून घागरींचा खडखडाट, भांडणं, पायरीवर टेकलेल्या बाया. अभ्यास होईना. त्यांनीच विषय काढला. घरं आपसात बदलू. कचेरीतून परवानगीही मिळाली. रविवार ठरला. आजीनं आपलं बोचकं बांधून दाराशी ठेवलं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी जेवत असताना व्यंकटराव आले. सभ्य माणूस. बाहेरच्या खोलीत बसले.

"सिस्टर, एक लहानशी गोष्ट होती."

"बोला की."

"ओट्यावरची ती फळी. तेवढी आम्ही बदलून घेतो. पंचाक्षरी सुताराला सांगितलंय. खर्च सगळा आमचा."

"का, कुजली का? खालूनच कळलं तुम्हाला?"

"तसं नाही हो. आमच्या घरात देव असतात त्या जागेवर."

"असू द्या की."

व्यंकटरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "तुमचं खाणंपिणं वेगळं. आमचं त्यावर काही म्हणणं नाही, ज्याचं त्याचं. पण त्या फळीवर कापाकापी झालेली असणार. आणि देव म्हटल्यावर..."

फळी आत स्वयंपाकघरात होती. उठून चार पावलं आत गेले असते तर त्यांना रेडिओ दिसला असता. ते उठले नाहीत. मला वाटलं ताई उठवतील. ताई पण बसून राहिल्या.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मग पंचाक्षरीला म्हणावं, दोन फळ्या आण."

"दोन?"

"एक वर, एक खाली. तुमच्या फळीवर देव बसलेले. माझ्या बापानं देव नदीला सोडले. आता मी देव उठलेल्या फळीवर कांदा चिरू? मला चालत न्हाई."

व्यंकटराव हसले. ताई हसत नाहीत हे बघून थांबले.

"सिस्टर, देव आणि मटण सारखंच का?"

"मी कुठं म्हणलं सारखं हाय? तुम्हाला एक चालत न्हाई, मला दुसरं चालत न्हाई. तुमची काढा, माझी काढा."

"देवांच्या जागेला छिन्नी लावायची? ही ऐकायची नाही."

"मग माझी बी न्हाई ऐकायची."

"तुमची कोण?"

"मीच," ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी ताटावरून उठले नाही. हात वाळून गेला होता. ताईंनी मला भाकरी वाढली.

"ताई," मी म्हणाले, "पण तुम्ही त्या फळीवर कधी काही कापलंच नाही."

"न्हाई कापलं."

"मग सांगून टाका ना. दाखवा त्यांना. मिटेल सगळं."

"मिटंल." त्यांनी चटणीचा डबा बंद केला. "मग उद्या विचारतील, पातेल्यात काय शिजवलं ते सांग. नळाला कोणता हात लावला ते सांग. मी सिस्टर हाय का आरोपी? त्यांच्या पोराला ताप आला की रात्री-अपरात्री बोलवतात. सुई टोचताना विचारलं का कुणी, सिस्टर, सकाळी काय खाल्लं?"

"पण आजींसाठी..."

"हे बघ, कापलं न्हाई म्हणून मी चांगली. आणि कापलं असतं तर?"

मी भाकरी मोडून खायला लागले. 

रविवार आला आणि गेला. बोचकं दाराशीच राहिलं. ताईंनी आईला एवढंच सांगितलं की त्यांचं जमत नाही. ऑफिसात सगळ्यांना कळलं. मोठ्या मनानं घ्या, असं लोक ताईंना सांगू लागले. व्यंकटरावांना असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आमचे हेडक्लार्क हणमंतराव मला म्हणाले, "तुमचं ऐकतात त्या. सांगा, लाकडाचा तुकडा आहे तो." मी म्हटलं, त्यांना माहीत आहे तो लाकडाचा तुकडा आहे.

मग लक्ष्मीबाई स्वतः वर आल्या. ताई ड्यूटीवर होत्या. मी आजीला औषध देत होते. लक्ष्मीबाई दारातच टेकल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. चेहरा ओढलेला होता.

"आजी, तुम्हीच सांगा लेकीला. एका फळीपायी तुमचे हाल चाललेत."

"कुठली फळी?" आजीनं विचारलं.

लक्ष्मीबाईंनी सांगितलं. सगळं नीट, हळू आवाजात सांगितलं. आजी गोळी चघळत ऐकत होती. ती चघळायची नसते हे मी तिला रोज सांगायचे.

"म्हंजी आमी कापलं म्हणून?"

"तसं नाही हो आजी. माणसाचं काही नाही. देवाचं आहे."

"देवाचं हाय तर तू कशापायी जिना चढलीस गं बाई? देव सांगंल की येऊन."

लक्ष्मीबाईंना हसू आलं आणि ते त्यांना आवडलं नाही. पदर सावरून त्या खाली गेल्या.

ताई घरी आल्या तेव्हा आजी खिडकीकडं पाठ करून बसली होती.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू म्हणली असतीस, द्या काढून."

"म्हणलेच असते." आजीनं लुगडं गुडघ्यावर ओढलं. मग म्हणाली, "आता न्हाई म्हणत."

ताईंनी पिशवी खुंटीला लावली.

"कापलंस का गं कधी तिच्यावर?"

"न्हाई."

"मग काप की," आजी म्हणाली. "उगं खोटा आळ कशाला."

मला वाटलं, आजी चेष्टा करते आहे. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ताईंनी तिच्याकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "वत्सले, रविवारी येशील का? सुट्टी हाय, पण ये."

मी गेले. ताईंनी बाजारातून नवा सुरा आणला होता. खाटकाला सांगितलं होतं, तुकडे करू नको, अख्खी तंगडी दे. तो म्हणाला होता, सिस्टर, घरी हाड तुटायचं नाही. त्या म्हणाल्या होत्या, बघू.

रेडिओ खाली उतरवला. बाटल्या खिडकीत गेल्या. ताईंनी पदर खोचला आणि जिन्याकडचं दार सताड उघडलं. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली. खाली हापशावर रांग होती.

मी काय बघते आहे ते मला पटत नव्हतं. उभ्यानं कापायची त्यांना सवय नव्हती. सुरा घसरत होता. घाव घातला की कोपर भिंतीवर आपटायचं. दुसरा घाव घातला की बोटं नळाला. फळी उंच, त्यामुळे खांदे वर येत होते. विळी तिथंच भिंतीला टेकून ठेवलेली होती. विळीवर तंगडी पण सरळ झाली असती. त्यांनी विळीकडं बघितलंही नाही. हाड तुटेना तेव्हा त्यांनी सुरा दोन्ही हातांनी धरला. ठोका बसला की सगळा ओटा हादरायचा. खालच्या छतात तो जात असणार. कोपर सोलून निघालं. मी म्हटलं, थांबा, पट्टी लावते. त्या म्हणाल्या, आधी हे होऊ दे.

तेवढ्यात दारात पंचाक्षरी सुतार उभा राहिला. हातात हत्यारांची पिशवी. सिस्टर आता नरमल्या असतील असं धरून व्यंकटरावांनी त्याला पाठवलं होतं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला.

"सिस्टर, ती फळी काढायची होती."

"दिसतंय ना, कामात हाय ती."

पंचाक्षरीनं बघितलं. तंगडी, सुरा, भिंतीवरचे शिंतोडे. "मग बसू का जरा?"

"बसा. पण उद्या बी ती कामातच असंल."

"परवा?"

"परवा बी."

त्यानं पिशवी खाली ठेवली. "जाऊ द्या मग," तो म्हणाला. "फळी बाकी चांगली हाय. बसवणारानं वाकडी बसवली, एवढंच."

"वाकडी तर वाकडी," ताई म्हणाल्या, आणि सुरा उचलला.

त्यानं चहा घेतला. मी केला. तो आजीशी पावसावर बोलत बसला. आत रस्सा उकळू लागला. काळ्या मसाल्याचा वास खिडकीतून खाली गेला. रांगेतल्या एका बाईनं मान वर केली आणि ओरडून विचारलं, "सिस्टर, आज काय सण हाय का?"

"हाव, हाय की," आजीनंच खिडकीतून उत्तर दिलं.

ताईंनी पंचाक्षरीला जेवा म्हटलं. त्यानं नको म्हटलं, पण उठला नाही. मी मटण खात नाही. मी भाकरी आणि चटणी घेतली. कुणी काही म्हणालं नाही. आजीनं हाडं चोखली, ताट निपटलं, हात धुतला. आणि मग सगळ्यांकडं बघून म्हणाली, "आता मला खाली न्या."

ताई म्हणाल्या, "आई, घर न्हाई मिळणार ते. आता तर न्हाईच."

"घर कोण मागतंय? खाली न्या म्हणले."

घरात एक लोखंडी घडीची खुर्ची होती. आजीला तिच्यात बसवलं. जुन्या साडीनं बांधलं. पुढून पंचाक्षरीनं धरलं, मागून ताईंनी आणि मी. जिना अरुंद होता. वळणावर खुर्ची अडकली. ताईंचं सोललेलं कोपर भिंतीला लागलं आणि त्यांनी दात आवळले. आजी वरून सूचना देत होती. "डावीकडं घ्या. अगं, डावीकडं. हे काय शिकून आल्या दोघी." खालून रांगेतल्या दोन बाया घागरी टाकून धावत आल्या आणि त्यांनी खुर्चीचे पाय धरले.

हापशासमोर बसायजोगी पायरी एकच होती. व्यंकटरावांच्या दाराची. आजीनं तीच दाखवली. आम्ही तिला खुर्चीतून उतरवून पायरीवर बसवलं. तिनं पाय लांब केले आणि टाचा मातीत घासल्या. 

दार उघडलं. व्यंकटराव होते. हातात पुस्तक, बोट मधल्या पानात. मागं लक्ष्मीबाई. त्यांच्याही मागं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, निरांजन लावलेलं दिसत होतं.

"आजी," ते म्हणाले, "दारात बसलात?"

"बसले."

"म्हणजे, रोज बसणार का?"

"न्यायला-आणायला माणसं मिळाली तर रोज."

"अहो, पण हे आमचं दार आहे."

"दार तुमचं," आजी म्हणाली. "पायरी सरकारची."

व्यंकटराव ताईंकडं वळले. ताई धापा टाकत खुर्चीची घडी घालत होत्या. कोपरातून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं नाही.

"सिस्टर, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"ती माझं ऐकत न्हाई," ताई म्हणाल्या. "फळीवर काप म्हणून बी तिनंच सांगितलं."

घरांची अदलाबदल झाली नाही. पुढं ताई आईला जमेल तेव्हा खाली आणायच्या, रांगेतल्या कुणाला तरी हाक मारून. पाणी वर न्यायचं, आईला खाली आणायचं, पुन्हा वर न्यायचं. त्यांची पाठ त्या उन्हाळ्यात कायमची गेली. मी एकदा म्हटलं, यापेक्षा सांगून टाकलं असतं तर. त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी वाक्य पुरं केलं नाही. रविवारी त्या त्याच फळीवर कापत राहिल्या, कोपर भिंतीला लावून घेत. रेडिओ पुन्हा तिच्यावर गेला नाही.

पण त्या पहिल्या रविवारी व्यंकटरावांनी दार लावून घेतलं. उकाडा फार होता. आत पंखा नव्हता. थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं, आधी बोटभर, मग पुरतं. आजीनं मागं वळून बघितलं नाही. ती लाल लुगड्याच्या बाईला विचारत होती, तू कुठल्या गावची, आणि इतके दिवस दिसली का नाहीस.